आपलं सोलापूर: वाढलं कसं, अडलं कुठं

आपल्या १९८४ च्या दहावीच्या वर्गात कुणाच्या घरी मराठी बोलत, कुणाच्या घरी कन्नड, तर कुणाच्या घरी तेलुगू. मधल्या सुट्टीत भांडणंही तिन्ही भाषांत व्हायची! हे असं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे.

समुद्र दूर, पाऊस बेभरवशाचा. तरी सोलापूर वाढलं. १८६० मध्ये रेल्वे आली, कापसाचा व्यापार फोफावला. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली 'जुनी मिल', सुरू झाली. मागोमाग इतर उभ्या राहिल्या. दुष्काळाने पोळलेली कुटुंबं खेड्यांतून आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. सोलापुरी चादर देशभर गेली. इथं राहणं स्वस्त म्हणून कुणी आलं नव्हतं. हाताला काम होतं म्हणून आले.

पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या. माझ्या वडिलांची गिरणी थांबली तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. तुमच्यापैकी अनेकांची कहाणी हीच. २००१ ते २०११ या काळात सोलापूरची लोकसंख्या ८ लाख ७२ हजारांवरून ९ लाख ५१ हजारांवर गेली. म्हणजे वाढ जेमतेम ९ टक्के. त्याच दहा वर्षांत पुणे शहर २३ टक्क्यांनी वाढलं.

आता निवृत्तीनंतर परतायचा विचार आहे. पुण्यातला फ्लॅट विकला तर सोलापुरात ऐसपैस घर होईल. मुलीला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "बाबा, तिथं मी काम काय करू?" मला उत्तर देता आलं नाही.

२००४ मध्ये विद्यापीठ झालं, २०२३ मध्ये वंदे भारत आली, पुणे-हैदराबाद महामार्ग दारातून जातो. पण उजनी धरण जिल्ह्यात असून वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलं नाही. पाणी आणि काम नसेल, तर स्वस्त घर फक्त आमच्यासारख्या निवृत्तांच्या उपयोगाचं. रेल्वेने एकेकाळी माणसं इथं आणली. तीच आज आपली मुलं घेऊन जाते.

मित्रांनो, आपल्यातल्या काहींचे उद्योग आहेत, काही मोठ्या पदांवर आहेत. दहा मुलांना काम देणारी एखादी शाखा इथं निघेल का? या संमेलनात जेवणाच्या पंगतीला तेवढं बोलूया.