टूलचे वर्णन: युनिक्सच्या मॅन्युअलपासून एआय एजंटपर्यंत

संगणकातले एखादे टूल नेमके काय करते, हे मोजक्या शब्दांत लिहून ठेवण्याची शिस्त मुख्यतः युनिक्सच्या मॅन्युअलमुळे रुजली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात प्रत्येक कमांडची नोंद स्वतंत्र होती. सुरुवातीला नाव आणि एका ओळीत काम, मग वापरायची रीत, मग सविस्तर वर्णन, आणि शेवटाकडे ‘बग्ज’ हे सदर. टूल कुठे चुकते हे ते बनवणाऱ्यानेच लिहून द्यायचे, हा त्या मॅन्युअलचा सर्वांत मोठा गुण. पुढे ‘अप्रोपॉस’ ही कमांड आली. ती मॅन्युअलच्या एका ओळीच्या वर्णनांत शब्द शोधते. साहजिकच गरजू माणसाच्या मनात जो शब्द आधी येईल तो त्या ओळीत असणे महत्त्वाचे ठरले. तो नसला, तर उत्तम कमांडही सापडत नसे.

इंटरनेटवरून एक प्रणाली दुसरीला हाक मारू लागली, तेव्हा वर्णनाचा एक भाग यंत्रासाठी लिहिला जाऊ लागला. २००१ च्या सुमारास वेब सेवांचे वर्णन करण्यासाठी डब्ल्यूएसडीएल आले, २०११ मध्ये स्वॅगर आले, आणि २०१५ मध्ये स्वॅगरचे विनिर्देश लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ओपनएपीआय उपक्रमाकडे गेले. यंत्राला लागत ती नावे आणि माहितीचे प्रकार. अर्थ सांगणारा मजकूर प्रोग्रामरसाठी असे. तो एकदा वाचायचा, शंका आली तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारायचे, आणि कोड लिहून मोकळे व्हायचे. वर्णन ढिसाळ असले तरी काम अडत नसे, कारण उणीव माणूस भरून काढत होता.

२०२३ मध्ये हे चित्र पालटले. मार्चमध्ये आलेल्या चॅटजीपीटीच्या प्लगइनमध्ये माणसासाठी एक आणि एआय मॉडेलसाठी एक अशी दोन वेगळी वर्णने लिहावी लागत. जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणले. टूलचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा मॉडेलपुढे ठेवायचा, आणि कोणते टूल वापरायचे ते मॉडेलने ठरवायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. यात सर्व्हरकडे मागणी केली की टूलची यादी वर्णनांसह हाती येते. वर्णन वाचणारा आता शेजाऱ्याला विचारायला जात नाही. समोर जे लिहिलेले आहे त्यावरून तो थेट कृती करतो.

व्यवसायाचे अहवाल इतरांना पाठवणाऱ्या एजंटच्या, म्हणजे टूल वापरून स्वतः काम करणाऱ्या मॉडेलच्या, बाबतीत हा फरक फार जाणवतो. ‘अहवाल शेअर करते’ एवढेच वर्णन असलेले टूल घ्या. शेअर करते म्हणजे लिंक देते, की पीडीएफ मेलने धाडते? मिळणाऱ्याला फक्त वाचता येते, की बदलही करता येतात? ‘दुसरी तिमाही’ हा शब्दप्रयोग तर आणखी फसवा. भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून जुलै ते सप्टेंबर ही दुसरी तिमाही; जानेवारीपासून हिशेब मांडणाऱ्या कंपनीत तीच तिसरी. ०३/०४ म्हणजे पुण्यात ३ एप्रिल, न्यूयॉर्कमध्ये ४ मार्च. अशा टूलचे वर्णन असे असावे: ‘मंजूर झालेला अहवाल दिलेल्या ई-मेल पत्त्यांवर लगेच पाठवते. गेलेला मेल परत घेता येत नाही. मिळणाऱ्याला अहवाल फक्त वाचता येतो. मसुदा पाठवत नाही, एरर देते. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्याव्यात. नवा अहवाल तयार करण्यासाठी हे टूल नाही.’ यातली निम्मी वाक्ये टूल काय करत नाही ते सांगतात. जुन्या ‘बग्ज’ सदराचेच हे काम आहे, आणि मजकूर आटोपता घेताना पहिली कात्री नेमकी याच वाक्यांना लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

वर्णन मॉडेल वाचते, म्हणून त्यात घातक सूचना दडवून मॉडेलला फसवता येते, हे सुरक्षा संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी मार्चमधल्या एमसीपीच्या आवृत्तीत टूलला खुणा जोडण्याची सोय झाली: ते फक्त वाचते का, काही नष्ट करू शकते का, तेच काम पुन्हा केल्यास परिणाम तसाच राहतो का, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येतो का. सर्व्हर विश्वासाचा नसेल तर या खुणांवर विसंबू नये, असेही त्यात बजावले आहे. खूण दिलीच नसेल, तर टूल बदल घडवू शकते, नष्टही करू शकते, असे धरले जाते. अहवाल पाठवणाऱ्या टूलला ‘फक्त वाचते’ ही खूण लावता येत नाही, आणि ‘पुन्हा चालवले तरी हरकत नाही’ हीही नाही. ते दोनदा चालले, तर ग्राहकाला तोच अहवाल दोनदा जातो.