जोडल्या हातांची घरे

जपानातल्या शिराकावा-गो या गावाचे चित्र मी प्रथम पाहिले ते एका दिनदर्शिकेवर. बर्फात बुडालेली, उंच उतरत्या छपरांची घरे आणि खिडक्यांतून झिरपणारा पिवळा उजेड. ते पान मी वर्गात लावले होते आणि भूगोलाच्या तासाला मुलांना सांगत असे, "पाहा, किती सुखी गाव!" गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत, नागोयाला नोकरीस असलेल्या पुतण्याने मला ते गाव प्रत्यक्ष दाखवले, आणि इतकी वर्षे आपण मुलांना काय सांगत होतो, याची थोडी लाजच वाटली.

गिफू प्रांताच्या उत्तर टोकाला, शो नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसले आहे. पश्चिमेला २७०२ मीटर उंचीचा हाकुसान, म्हणजे शुभ्र पर्वत. गावावरच्या टेकडीवरून पाहिले तेव्हा दूरच्या माथ्यांवर बर्फ होतेच; खाली भाताची खाचरे पाण्याने भरली होती आणि त्या पाण्यात छपरे उलटी उभी होती.

या छपरांना 'गाशो' म्हणतात. गाशो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. उतार साठ अंशांच्या आसपास, म्हणजे बर्फ साचू नये. छपराच्या सांगाड्यात लोखंडाचा खिळा नाही. सारे वासे पेंढ्याच्या दोरांनी आणि मान्साकु झाडाच्या पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी बांधलेले. वाऱ्याने सांगाडा किंचित हलतो, मोडत नाही. घरांची त्रिकोणी तोंडे उत्तर-दक्षिण, त्यामुळे छपराच्या एका अंगाला सकाळचे ऊन मिळते, दुसऱ्याला संध्याकाळचे. गवत तीस-चाळीस वर्षे टिकते. मग ते बदलायचे. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. शे-दोनशे माणसे जमतात आणि छपराची एक बाजू दिवसा-दोन दिवसांत शाकारून देतात. याला 'युइ' म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला 'इर्जिक' म्हटले की लगेच कळेल. मात्र कोणी कोणाकडे काय दिले, किती राबले, याची तेथे वहीत नोंद असे. शेजारधर्मालाही हिशेब असतो, हे मला आवडले.

१९३५ साली ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुकाराने येथे येऊन या घरांची वाखाणणी केली. पुढे १९९५ साली शेजारच्या गोकायामातल्या दोन वाड्यांसह ओगिमाची ही येथील मुख्य वस्ती जागतिक वारसा ठरली. हे सारे माहितीपुस्तकात आहे. मला खरे गाव दिसले ते जमिनीखाली आणि माळ्यावर.

जमिनीखाली काय, तर सोरा! १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली आणि बंदुकीच्या दारूला सोरा हवा झाला. आपल्या बिहारात तो मातीवर आपसूक फुलतो. जपानच्या ओल्या हवेत तो कोठून मिळणार? या डोंगरकऱ्यांनी युक्ती काढली. घरातल्या चुलीजवळ, फळ्यांखाली खड्डे खणायचे. त्यांत माती, दवण्याच्या जातीची झुडपे आणि रेशमाच्या किड्यांची विष्ठा यांचे थर द्यायचे. चुलीच्या उबेत ते चार-पाच वर्षे कुजवायचे, मधूनमधून वरखाली करायचे. मग ती माती पाण्याने निथळून, त्या पाण्यात लाकडाची राख घालून ते आटवायचे. गोकायामाचा सोरा कागाच्या माएदा सरदारांकडे जाई. ओगिमाचीचे वादा घराणे याच व्यापारावर मोठे झाले. वर जोडलेले हात आणि खाली तोफेचे भक्ष्य! पुढे मेइजी काळात परदेशचा स्वस्त सोरा आला आणि हे खड्डे निकामी झाले.

माळ्यावर रेशमाचे किडे. खालच्या चुलीचा धूर फळ्यांच्या फटींतून वर चढे. उबही मिळे आणि वासे-दोरही टिकत. किड्यांना तुतीचा पाला खुडून घालायला हात लागत. जमीन तर मूठभर. ती वाटली तर कोणाचेच पोट भरणार नाही. म्हणून खोऱ्याच्या दक्षिण भागात वीस-तीस, कधी चाळीस माणसेही एका छपराखाली राहत. रीतसर लग्न बहुधा थोरल्या मुलाचेच व्हायचे. धाकट्यांनी रात्री दुसऱ्या घरी आपल्या बाईकडे जायचे आणि पहाटे राबायला परत यायचे. मूल आईच्या घरी वाढे.

पुतण्या सहज म्हणाला, "काका, आपल्या आबांचाही माळा असाच होता ना?" आबा माझे धाकटे चुलते. जमीन वाटायची नाही म्हणून त्यांचे लग्न कोणी काढले नाही. जन्मभर ते माळ्यावर निजले, आणि घराची आठवण निघाली की आम्ही त्यांना 'घराचा खांब' म्हणतो. मी होय म्हटले आणि जिना उतरलो.

या खोऱ्याने सोसलेही पुष्कळ. १५८६ च्या भूकंपात डोंगर कोसळून काएरिकुमो किल्ला आणि त्याचे उचिगाशिमा घराणे एका रात्रीत गाडले गेले. पुढे १९६१ साली नदीच्या वरच्या अंगाला मिबोरोचे धरण झाले. अनेक वर्षे लोक प्राणपणाने विरोध करत होते. अखेर शेकडो कुटुंबे उठली. उरलेल्या घरांचेही काय व्हायचे, अशी चिंता होतीच. शेवटी १९७१ साली ओगिमाचीच्या रहिवाशांनी आपल्याच संघात ठरवून टाकले : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. आगीची धास्ती फार, म्हणून गावात आजही पाळीने फेरी असते.

परतताना पुतण्याने धरणाच्या काठी गाडी थांबवली. तेथे दोन चेरीची झाडे आहेत, चारशेहून अधिक वर्षांची. ती बुडणाऱ्या गावांतल्या दोन देवळांच्या अंगणात होती. धरण बांधणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख तात्सुनोसुके ताकासाकी यांनी गावकऱ्यांच्या निरोपसमारंभाला आले असताना त्यांतले एक पाहिले, आणि १९६० च्या अखेरीस फांद्या छाटून, मुळे बांधून ती वर आणवली. जाणकार म्हणत होते, जगणार नाहीत. पुढल्या वसंतात त्यांना पालवी फुटली. विस्थापित लोक आपल्या गावाला भेटायला म्हणून या झाडांखाली जमत.

आम्ही पोचलो तेव्हा बहर संपला होता. फांद्यांना खालून लाकडी टेकू दिले होते. पुतण्या छायाचित्र घेत होता; मी कठड्याशी जाऊन खालच्या हिरव्या, गप्प पाण्याकडे पाहत राहिलो.