पाळणा लांबला तो कशाने?

१९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश. त्या काळी एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा एकूण जननदर २.०वर आला, लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१च्याही खाली.

ही घट सक्तीने साधली, असा समज अजूनही आढळतो. आणीबाणीतील १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतांश पुरुषांवर. सरकार निवडणूक हरले (कारणे इतरही होती), ‘नसबंदी’ हा शब्दच बदनाम झाला आणि कार्यक्रमाचे नामकरण ‘कुटुंबकल्याण’ असे करावे लागले. केरळचा जननदर मात्र आणीबाणीपूर्वीच उतरणीला लागला होता. १९८०च्या दशकाअखेर तो २.१पर्यंत पोहोचला. तेथे मुली शाळेत टिकल्या, अर्भके जगू लागली. जगतील अशी खात्री असलेली दोन मुले मग पुरेशी वाटू लागली. बिहारमध्ये उपरोक्त पाहणीतही हा दर ३.० होता.

आणीबाणीनंतर या कार्यक्रमातून बाहेर पडलेले पुरुष मात्र परतलेच नाहीत. त्याच पाहणीनुसार विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. वास्तविक पुरुषांवरील शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची!