सालोमन, बेंजामिन लुइस
(१ सप्टेंबर १९१४–७ जुलै १९४४). अमेरिकी भूसेनेतील दंतवैद्य व ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी. जन्म मिलवॉकी (विस्कॉन्सिन) येथे ज्यू कुटुंबात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९३७ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्याने व्यवसाय आरंभिला. १९४० मधील सक्तीच्या लष्करभरतीत तो पायदळात साधा शिपाई म्हणून दाखल झाला व पुढे मशिनगन तुकडीचा सार्जंट बनला. दंतवैद्यक दलातील अधिकारपद त्यास १९४२ मध्ये मिळाले.

मॅरियाना द्वीपसमूहातील सायपान बेटावर १०५ व्या पायदळ रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा शल्यवैद्य जखमी झाला. ऐन लढाईत दंतवैद्यास फारसे काम नसते. सालोमनने ती जागा आपण होऊन पतकरली. ७ जुलै १९४४ रोजी हजारो जपानी सैनिकांनी निकराचा हल्ला चढविला. शत्रू तंबूत शिरून जखमींना संगिनींनी भोसकू लागताच सालोमनने त्यांच्याशी झुंज दिली, जखमींना मागे हलविण्याची आज्ञा केली आणि स्वतः मशिनगन हाती घेतली. त्याचे शव सापडले, तेव्हा तिच्यासमोर ९८ जपानी सैनिक मरून पडले होते.

पदकाची शिफारस मात्र मेजर जनरल जॉर्ज ग्राइनर याने नाकारली. रेडक्रॉसची फीत धारण करणाऱ्याने शत्रूवर शस्त्र उचलणे जिनीव्हा करारास धरून नाही, असे त्याचे म्हणणे होते. वास्तविक १९२९ च्या या करारात स्वतःच्या व रुग्णांच्या रक्षणार्थ शस्त्र वापरण्यास मुभा होती. १९९८ मध्ये रॉबर्ट वेस्ट या दंतवैद्याने हे प्रकरण पुन्हा उपस्थित केले. अखेर १ मे २००२ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या हस्ते हे पदक मरणोत्तर देण्यात आले.