फडेप्पांच्या शेजारी पहिले एकवीस किलोमीटर

२२ ऑगस्ट १९२०, रविवार. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात पावसाची भुरभुर सुरू आहे. हवेत गारवा आहे आणि ऑलिंपिक स्टेडियमचा ट्रॅक भिजून जड झालाय. तुम्ही मॅरेथॉनच्या घोळक्यात मागच्या बाजूला उभे आहात. यातलं पहिलं अर्धं अंतर तुमचं: गेले काही महिने तुम्ही आयुष्यातल्या पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करताय. पहाटेचे गजर, रविवारचे लाँग रन, पोटऱ्यांना बर्फ, सगळं झालंय. इथे मात्र हातावर पेस सांगणारं घड्याळ नाही, कमरेला जेलची पाकिटं नाहीत आणि तुमच्या वेगाचा झेंडा घेऊन पुढे पळणारा पेसरही नाही.

आत येताना फाटकाजवळचा पुतळा तुम्ही पाहिलात. स्टेडियमबाहेर थाळीफेक करणारा खेळाडू असावा असं आपल्याला वाटतं, पण इथे हातबॉम्ब फेकणारा बेल्जियन सैनिक आहे. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. हा देश चार वर्षं जर्मन टाचेखाली होता आणि त्याने जे सोसलं त्याची जाण ठेवून ऑलिंपिक इथे दिलं गेलं. इथून पश्चिमेला ईप्रच्या चिखलात १९१४ सालीच हिंदी सैनिक लढले आणि मेले. आठवडाभरापूर्वी याच मैदानावर पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंच्या वतीने पहिली शपथ घेतली गेली.

आता शेजारी बघा. फडेप्पा चौगुले, बेळगावचे. बेळगाव अजून मुंबई इलाख्यात आहे. त्यांच्याबरोबर सदाशिव दातार आहेत. हिंदुस्थानने पाठवलेल्या या चिमुकल्या संघात आणखी धावपटू आहेत, नवले आणि शिंदे हे दोन पहिलवानही आहेत. जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून बोटीने निघून, इंग्लंडमध्ये सराव करून ही मंडळी इथे पोचली. ते परदेशात असतानाच, १ ऑगस्टला, मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला गिरगाव चौपाटीवर लोटलेला जनसागर या मंडळींनी पाहिलेला नाही.

पिस्तूल वाजतं. घोळका स्टेडियममधून बाहेर पडतो आणि तुम्ही त्याच्याबरोबर ओल्या रस्त्यावर येता.

पहिला किलोमीटर फार सोपा वाटतो. पाय हलके असतात, छातीत धडधड असते ती उत्साहाची, आणि पुढचे लोक लांब जाताना पाहून आपणही जोर लावावा असं वाटतं. लावू नका. नवख्या धावपटूची शर्यत बहुतेक वेळा इथेच बिघडते आणि ते कळतं पंधराव्या किलोमीटरला. खांदे सैल सोडा, मुठी आवळू नका, दोन वाक्यं सलग बोलता येतील एवढाच दम लागू द्या. पुढे कोण चाललंय याचा विचार त्यांच्यावर सोडा. तिथे फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन आहे. दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम आहे, १९१२च्या मॅरेथॉनचा रौप्यपदक विजेता. आजची शर्यत त्याला अर्धवट सोडावी लागेल. अनुभवी माणसाचीही ही वाट लाज राखत नाही, मग तुम्ही घाई कशाला करायची?

पाचव्या-सहाव्या किलोमीटरनंतर श्वासाला लय सापडते. दोन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर. अशा वेळी मन मोकळं होऊन भलतीकडे जातं, तर त्याला पुण्याला जाऊ द्या. वर्ष १९१९, डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा. जिमखाना स्थापन होऊन तेरा वर्षं झालीत आणि अध्यक्ष आहेत सर दोराबजी टाटा. लांबच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली शेतकरी पोरं अनवाणी धावताहेत. ना प्रशिक्षक, ना आधुनिक तंत्राची ओळख. तरीही त्यांच्या वेळा दोराबजींना युरोपातल्या धावपटूंच्या वेळांजवळ जाणाऱ्या वाटल्या. ही पोरं ऑलिंपिकला गेली पाहिजेत, हे तिथेच त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी राज्यकर्त्यांकडे शब्द टाकला, वर्गणी उभी केली, स्वतःचे पैसे घातले. इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन होईल ती १९२७मध्ये. म्हणजे संस्था नंतर आली, आधी आले हे पाय. आपल्या ऑलिंपिकच्या इतिहासाची सुरुवात सांगताना हा क्रम सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं.

दहा किलोमीटर झाले असतील. पावसाने कपडे अंगाला चिकटलेत. मांड्या घासल्या जातात, बनियनची कड काखेत काचते. घरून निघताना तुम्ही व्हॅसलीन लावलं असतं, इथे ते नाही. पण हा पाऊस वैरी समजू नका. धावणाऱ्याचं शरीर भट्टीसारखं तापतं आणि बाहेर ऊन असेल तर रक्ताला दोन कामं पडतात: पायांना प्राणवायू पोचवायचा आणि कातडीकडे जाऊन उष्णता बाहेर टाकायची. आज दुसरं काम पाऊस करतोय.

तेरा. चौदा. पंधरा. आता बोलणं नको वाटतं. डाव्या पायाच्या नडगीत काहीतरी ठणकतंय आणि मनात थांबायची कारणं तयार होऊ लागलीत. हे सगळ्यांना होतं. पहिल्या हाफ मॅरेथॉनचा खरा भाग हा, पंधरा ते एकोणीसचा, जिथे सुरुवातीची हौस सरलेली असते आणि शेवटाची कमान अजून दिसत नसते. एक गोष्ट धीर देणारी आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन साधारण तीसेक किलोमीटरपर्यंत पुरतं. पूर्ण मॅरेथॉन धावणारे ज्या भिंतीबद्दल बोलतात ती तिथे उभी असते. तुमचं अंतर तिच्या अलीकडेच संपतं. नीट खाऊन निघाला असाल आणि वेग आवरला असेल, तर तुमच्याकडे अजून शिल्लक आहे. पावलं आखूड करा, हात हलते ठेवा, पुढचा माणूस नजरेत धरा.

एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. तुम्ही अर्ध्यावर आलात. तुमच्या काळात मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. हे अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून आलं, पण ते कायमचं ठरलं १९२१मध्ये. अँटवर्पचा रस्ता ४२.७५० किलोमीटरचा आहे, ऑलिंपिकमधली आजवरची सर्वांत लांब मॅरेथॉन. म्हणजे तुमची पहिली हाफ नेहमीपेक्षा पावणेतीनशे मीटरनी मोठी झाली. गुडघ्यांवर हात टेकवून उभे राहा, श्वास घ्या. फडेप्पा थांबत नाहीत. तुम्ही जेवढं धावलात तेवढंच त्यांना आता पुन्हा धावायचंय, आणि ती भिंत याच दुसऱ्या अर्ध्यात आहे.

तुम्ही स्टेडियममध्ये या आणि वाट बघा.

पहिला येतो कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांवर एस्टोनियाचा युरी लॉसमान. तिसरा इटलीचा वालेरियो आर्री, रेषा ओलांडून आनंदाने कोलांट्या मारतो. कोलेहमाइनेनने १९१२मध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली तेव्हा त्याचा देश रशियन साम्राज्यात होता. आज फिनलंड स्वतंत्र आहे, एस्टोनियाही. पहिल्या दोन क्रमांकांवर दोन नवे स्वतंत्र देश आहेत, आणि फडेप्पा धावताहेत ते अजून पारतंत्र्यात असलेल्या देशाकडून. मला या शर्यतीतली सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

माणसं येत राहतात. दातार येत नाहीत, त्यांना शर्यत पूर्ण करता आलेली नाही. आणि मग फडेप्पा येतात. एकोणिसावे. २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. ऑलिंपिकची मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय. उठून उभे राहा, टाळ्या वाजवा.

एकोणिसाव्या क्रमांकाला आपल्याकडे कोणी विचारत नाही. पदक नाही म्हणून पाठ्यपुस्तकात धडा नाही. दरवर्षी मुंबईत, पुण्यात, साताऱ्याच्या घाटात हजारो माणसं बिब लावून उभी राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं. ते त्यांना ठाऊक असलं पाहिजे.

फडेप्पांची त्या दिवशीची सरासरी किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत होती. त्या वेगाने तुमची हाफ मॅरेथॉन १ तास २४ मिनिटांत संपेल. जवळच्या मैदानावर जा आणि एकच किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहा.