टेबलावरचे कुरुक्षेत्र

लढाईचा खेळ मूळचा लष्कराचाच. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने नकाशा, ठोकळे नि फासे मांडून अधिकाऱ्यांना डावपेच शिकविले. १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिट्ल वॉर्स’ लिहून शिशाचे शिपाई घरच्या जमिनीवर उतरविले. खरे युद्ध केवढा गाढवपणा आहे हे या खेळातच उमगते, असे त्याचे सांगणे. पण ऐकतो कोण? पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले!

पुढे ‘चेनमेल’ (१९७१) आणि ‘वॉरहॅमर’ (१९८३) यांनी या फौजांत चेटके नि राक्षस आणले. आज त्यांच्या स्पर्धा भरतात. टेपाने अंतर मोजतात, फासे पडतात, पलटणी गारद होतात. मज मास्तराला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे : डाव मोडला की इथले सारे मेलेले सुखरूप पेटीत परततात. १९१४ साली गेलेले परतले नाहीत.