गुडघ्याला घासून गेलेला चेंडू

#थ्रेड #इतिहास #क्रीडाइतिहास

१/
२२ जानेवारी २०१२, रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर पाऊस पडत होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये सुपर बोल म्हणजे अंतिम सामना, आणि त्या दिवशीचा विजेता थेट तिथे पोहोचणार होता. चौथा क्वार्टर सुरू होता आणि यजमान फॉर्टीनाइनर्स १४-१० असे पुढे होते. न्यूयॉर्क जायंट्सने लाथाडलेला चेंडू ओल्या हिरवळीवर उसळ्या घेत आला आणि काइल विल्यम्स नावाच्या तरुणाच्या उजव्या गुडघ्याला निसटता घासून पुढे गेला.

२/
मैदानावरच्या बहुतेकांना तो स्पर्श दिसलाही नाही. जायंट्सच्या डेव्हिन थॉमसला मात्र दिसला. त्याने चेंडू उचलला, प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी चित्रफीत तपासण्याची मागणी केली आणि पंचांना निर्णय फिरवावा लागला. पुढे जे घडले ते समजण्यासाठी विल्यम्स तिथे का उभा होता आणि खरे तर कोण उभा असायला हवा होता, हे पाहावे लागते.

३/
खेळाचे मूळ गणित सोपे आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. तीन प्रयत्न फुकट गेले की बहुतेक संघ चौथ्या वेळी धोका पत्करत नाहीत. ते हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतात. हा ‘पंट’. मागे उभा राहून तो झेलणारा आणि उलट दिशेने धावत सुटणारा तो ‘पंट रिटर्नर’.

४/
चेंडू हवेत चार-साडेचार सेकंद असतो. क्रिकेट पाहणाऱ्याला सीमारेषेवरच्या उंच झेलाची कल्पना असते. पण इथे चेंडू लांबट आहे, फिरकी घेत येतो आणि वाऱ्यावर दिशा बदलतो. त्याचे टोक खाली वळले तर तो अपेक्षेपेक्षा लांब जातो, वर राहिले तर अलीकडेच कोसळतो. डाव्या पायाने मारलेला पंट तर उलट बाजूला वळतो, आणि असे पंटर थोडे असल्याने त्यांची सवय कोणालाच नसते. शिवाय सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकावर कोणी धावून येत नाही. इथे मात्र नजर आभाळात लावलेली असताना शे-सव्वाशे किलोचे गडी अंगावर चालून येत असतात.

५/
तेवढ्या वेळात रिटर्नरला ठरवायचे असते: झेलून पळायचे, हात उंचावून ‘फेअर कॅच’ मागायचा, की चेंडूला हातच लावायचा नाही. फेअर कॅच हा एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश फुटबॉलचा वारसा. १८६३ च्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांतही तो होता, पुढे सॉकरने तो टाकला, रग्बीने व अमेरिकन खेळाने जपला. तो मागितला की झेलणाऱ्याला कोणी धक्का द्यायचा नाही, आणि त्यानेही पळायचे नाही.

६/
तिसरा पर्याय दिसायला सर्वांत सोपा आणि करायला सर्वांत कठीण. पंट मारणाऱ्या संघाला चेंडूवर ताबा सांगता येत नाही, जोवर झेलणाऱ्या बाजूचा कोणी त्याला स्पर्श करत नाही. मग तो स्पर्श बोटाचा असो वा गुडघ्याचा. एकदा तो झाला की चेंडू मोकळा, ज्याच्या हाती पडेल त्याचा. म्हणूनच उसळत्या चेंडूपासून दूर पळा, हे सहकाऱ्यांना सांगण्यासाठी काही संघांत ‘पॉयझन’ अशी आरोळी ठोकतात. विषच ते.

७/
हे काम कोणाला द्यायचे, हा प्रश्न जुन्या काळी फारसा पडत नसे. संघ लहान होते आणि जो चपळ तोच सगळीकडे. एम्लेन टनेल हे जायंट्सचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. ते खेळत बचावात, पण १९५२ साली हिसकावलेले पास आणि परतवलेल्या किक यांवर त्यांनी ९२४ यार्ड कमावले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये चेंडू घेऊन धावण्यात अव्वल ठरलेल्या खेळाडूचे यार्ड होते ८९४.

८/
त्याच्या आदल्या वर्षी डेट्रॉइट लायन्सच्या जॅक क्रिश्चन्सनने पदार्पणाच्या हंगामातच चार पंट थेट टचडाउनपर्यंत परतवले होते. हे अनाथाश्रमात वाढलेले पोर. त्याला आवरण्यासाठी पंट मारणाऱ्या संघांनी आपली रचना पसरट केली, असे सांगतात. एका रिटर्नरमुळे साऱ्या लीगने उभे राहण्याची पद्धत बदलावी, हा मान मोठाच.

९/
मग विशेषज्ञांचे युग आले. १९७३ साली ओकलंड रेडर्सने रे गाय या पंटरला निवड-प्रक्रियेच्या पहिल्याच फेरीत घेतले. चेंडू किती दूर गेला याइतकेच तो हवेत किती वेळ राहिला याला महत्त्व आले. १९७४ साली नियम झाला की पंट होण्यापूर्वी फक्त दोन टोकांच्या खेळाडूंनीच पुढे धावायचे. रिटर्नरला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि त्याच वर्षी ह्यूस्टनने पंधराव्या फेरीत, म्हणजे जवळजवळ उरलेल्यांतून, बिली जॉन्सनला उचलले. पांढरे बूट घालणारा हा बुटका खेळाडू पुढे लीगच्या पंचाहत्तरीच्या सर्वकालीन संघात याच जागेसाठी निवडला गेला.

१०/
इथून प्रशिक्षकांची खरी अडचण सुरू होते. संघातला सर्वांत वेगवान, सर्वांत चलाख खेळाडू बहुधा संघाचा सर्वांत महागडा खेळाडूही असतो. त्याला उघड्या मैदानात टकरीसाठी उभा करायचा का? १९९८ च्या ऑगस्टमध्ये जायंट्सने जेसन सीहॉर्न या आपल्या नामांकित बचावपटूला एका सराव सामन्यात सुरुवातीची किक परतवायला पाठवले. त्याच धावेत त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले आणि हंगाम सुरू होण्याआधीच संपला. निकालाला काडीचेही मोल नसलेला तो सामना होता.

११/
उलट बाजूही आहे. डेस्मंड हॉवर्डला १९९६ साली ग्रीन बेने जवळपास टाकाऊ मालातून घेतले. महाविद्यालयीन खेळातला सर्वोच्च मान मिळवूनही तो दोन संघांत फिका पडला होता. त्या हंगामात त्याने पंट परतवून ८७५ यार्ड काढले, हा विक्रमच होता. सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताबही त्यालाच मिळाला. मुख्य खेळात ज्याला जागा नाही, अशाच्या हाती कधीकधी अख्खा हंगाम येतो.

१२/
फॉर्टीनाइनर्सकडे २०११ च्या मोसमात ही जागा टेड गिनची होती. पहिल्याच सामन्यात सिअ‍ॅटलविरुद्ध त्याने एका मिनिटाच्या आत आधी १०२ यार्डांची किक आणि मग ५५ यार्डांचा पंट टचडाउनपर्यंत नेला होता. नवे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्या संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले. पण बाद फेरीतल्या न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या सामन्यात गिनचा गुडघा दुखावला. पुढच्या रविवारी तो खेळू शकणार नव्हता.

१३/
पर्याय फार नव्हते. जोश मॉर्गन ऑक्टोबरमध्येच पाय मोडून बाहेर गेला होता. ब्रेलॉन एडवर्ड्सला डिसेंबरअखेर संघाने सोडले होते. उरला काइल विल्यम्स: २०१० च्या निवड-प्रक्रियेतला सहाव्या फेरीचा, २०६ वा खेळाडू. वडील केन विल्यम्स हे शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे महाव्यवस्थापक, म्हणजे खेळाडू निवडण्याची विद्या घरातच होती. त्या पावसात एकाच दिवशी त्याला पास झेलणारा आणि पंट झेलणारा अशा दोन भूमिका निभवायच्या होत्या.

१४/
गुडघ्याच्या त्या स्पर्शानंतर जायंट्सला चेंडू २९ यार्डांच्या रेषेवर मिळाला आणि मारिओ मॅनिंगहॅमने १७ यार्डांचा पास झेलून टचडाउन केला. १७-१४. फॉर्टीनाइनर्सनी फील्ड गोलने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे जायंट्सने पुन्हा पंट मारला. या वेळी विल्यम्सने चेंडू नीट झेलला आणि धाव घेतली. आडनावबंधू जॅक्वियन विल्यम्सने मागून हात घालून चेंडू उडवला. त्यावर झडप घातली पुन्हा डेव्हिन थॉमसनेच. ३१ यार्डांची एक किक, आणि जायंट्स २०-१७ ने सुपर बोलमध्ये. दोन आठवड्यांनी ते विजेते झाले.

१५/
विल्यम्स तोंड लपवून गेला नाही. पत्रकारांसमोर उभा राहून त्याने चूक स्वतःची म्हटली. सहकारी त्याच्या पाठीशी राहिले. ट्विटरवर मात्र त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच्या डोक्याला पूर्वी मार बसलेला आहे हे ठाऊक असल्याने त्याच्यावर मुद्दाम जोर लावला, असे जायंट्सच्या काही खेळाडूंनी बोलून दाखवले, तेव्हा लीगला खुलासा करावा लागला की नियमबाह्य काही घडलेले नाही. पराभूत संघाने त्या दिवशी वारंवार आपला डाव अर्धवट सोडला होता, त्याची चर्चा मात्र कोणी केली नाही. दोन चेंडू सर्वांच्या लक्षात राहिले.

१६/
बरोबर एक आठवडा आधी, १५ जानेवारीला, बॉल्टिमोरमध्ये असाच प्रसंग घडला होता. ह्यूस्टन टेक्सन्सचा रिटर्नर जकोबी जोन्स. पहिल्या क्वार्टरमध्ये, उसळलेला पंट सोडून द्यायचा तर तो घ्यायला गेला आणि टक्कर बसताच चेंडू सुटला. बॉल्टिमोर रेव्हन्सला तो गोलरेषेपासून दोन यार्डांवर मिळाला. ह्यूस्टन २०-१३ ने हरले. मे महिन्यात संघाने जोन्सला मुक्त केले.

१७/
त्याला लगेच करारबद्ध केले ते रेव्हन्सनीच! ज्याच्या चुकीचा लाभ घेऊन सामना जिंकला, त्यालाच घरी आणले. यामागचा माणूस पाहण्यासारखा आहे. रेव्हन्सचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ हे जिम हार्बॉ यांचे थोरले बंधू. मुख्य प्रशिक्षक होण्याआधी त्यांनी फिलाडेल्फियात अनेक वर्षे किकचे विशेष पथकच सांभाळले होते. सुटलेला एक चेंडू आणि हाताळलेले शेकडो चेंडू यांतला फरक त्यांना प्रशिक्षकाच्या नजरेने दिसत असणार.

१८/
त्या हंगामात जोन्सने किक परतवून दोन आणि पिट्सबर्गविरुद्ध पंट परतवून एक टचडाउन केला. तो पिट्सबर्गचा सामना रेव्हन्सनी अवघ्या तीन गुणांनी जिंकला. डेन्व्हरमध्ये बाद फेरीत शेवटच्या मिनिटात ७० यार्डांचा पास झेलून बुडती नौका वाचवली तीही त्यानेच.

१९/
३ फेब्रुवारी २०१३. न्यू ऑर्लिन्स, जोन्सचे जन्मगाव. सुपर बोलमध्ये दोघे हार्बॉ बंधू आमनेसामने. दुसऱ्या अर्धाची पहिली किक जोन्सने स्वतःच्या गोलरेषेच्या आठ यार्ड मागे झेलली आणि सरळ मधून धावत १०८ यार्ड पार केले. थोड्याच वेळात स्टेडियमचे दिवे गेले आणि खेळ अर्ध्या तासाहून अधिक थांबला. रेव्हन्स ३४-३१ ने जिंकले.

२०/
फॉर्टीनाइनर्सकडून त्या दिवशी पंट झेलायला टेड गिन उभा होता. त्यानेही ३२ यार्डांची एक सुरेख धाव घेऊन संघाला परत सामन्यात आणले. विल्यम्स मात्र मैदानात नव्हता. नोव्हेंबरमध्ये, याच न्यू ऑर्लिन्समध्ये, त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता.

२१/
गिन पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात गेला आणि २०१३ च्या मोसमात जिम हार्बॉ यांनी पंट झेलायला पुन्हा काइल विल्यम्सलाच पाठवले. कँडलस्टिक पार्कचा तो अखेरचा मोसम होता. नोव्हेंबरमध्ये संघाने त्याला सोडले, कॅन्सस सिटीने लगेच उचलले, आणि तिथे तो जेमतेम उतरतो न उतरतो तोच गुडघा पुन्हा गेला.

(समाप्त)